मोठी भावंडं दत्तक आली की पहिले काही महिने घर लहान ठेवा

तुमचा प्रश्न असा : परभणीत एकत्र कुटुंब, झारखंडची नऊ आणि सहा वर्षांची सख्खी भावंडं दत्तक येणार, मराठीचा गंध नाही, ती रुळतील कशी आणि जीव लागेल कसा?

आमच्याकडे अशीच जोडी ओडिशातून आली. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. आम्ही लातूरकडचे. घरात आई-वडील, भाऊ-भावजय, त्यांची पोरं, शिवाय येणारं-जाणारं असतंच. त्यावरून सांगतो, तुमची अडचण लेकरांपेक्षा घरातल्या प्रेमळ माणसांचीच जास्त होणार आहे.

संस्थेत वाढलेल्या लेकराला माणसांची सवय असते. मावश्या पाळीपाळीने बदलतात, देणगीदार येऊन केक कापून जातात. जो येईल त्याच्याशी गोड वागायचं, हे ते शिकूनच येतं. आमचा धाकटा पहिल्या आठवड्यात दूधवाल्यालाही 'पापा' म्हणून बिलगला. शेजारीण म्हणाली, "बघा की, किती लवकर रुळलं!" कशाचं रुळलं? कुणाच्याही कडेवर जाणाऱ्या लेकराला आपलं माणूस कोण, हे अजून ठरवताच आलेलं नसतं.

म्हणून पहिले चार-सहा महिने जेवू घालणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, खरचटलं तर हळद लावणं, नवा कपडा देणं, हे सगळं तुम्ही दोघांनीच करा. बाकीच्यांनी खुशाल खेळावं, गप्पा माराव्यात. पण भूक लागली म्हणून लेकरू आजीकडे गेलं, तर आजीने "जा, आईला माग" एवढंच म्हणायचं. आपल्याकडे आजीला हे पटवणं सोपं नाही. माझी आई चिडून म्हणायची, "घासभर भाकर दिली तर काय बिघडायलंय?" शेवटी तिला सागरगोटे शिकवायचं काम दिलं. त्याला भाषा लागत नाही, आणि आईचाही मान राहिला. पाहुणे हातावर शंभराची नोट ठेवतात, तीही आईकडेच द्यायला सांगा. भावंडांच्या जोडीला आपल्याकडे घर मिळणं अवघड असतं, म्हणून अशी बरीच लेकरं परदेशात जातात. तिथले आई-बापही सुरुवातीला पाहुणे-रावळे असेच लांब ठेवतात. त्यांना ते जमतं, कारण दारात दहा माणसं उभी नसतात.

वेगळी खोली सजवायच्या भानगडीत पडू नका. हॉलमध्ये वीस जणांत झोपलेलं लेकरू एकट्या खोलीत घाबरतं. तुमच्या शेजारी अंथरूण टाका, बारका दिवा चालू ठेवा. लगेच कुशीत घ्यायची घाई नको, काहींना अंगाला हात लावलेलाच खपत नाही. डोक्याला तेल लावणं, उवा काढणं, वेणी घालणं यातून जवळीक होते. थोरलीचे केस संस्थेत बारीक कापले होते. ते वेणीइतके वाढेपर्यंत बायको रोज नुसतं तेल लावत बसायची. तेवढा वेळ पोरगी मान हलवायची नाही.

भावंडांची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. थोरली ही धाकट्याची आई झालेली असते. आमची आधी त्याला भरवायची आणि मग स्वतः ताटाला हात लावायची. बायको घास पुढे करायला गेली की ती भावाचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायची. तिच्याकडून ते काम हिसकावू नका. बायको नुसती शेजारी बसू लागली. मग एक घास बहिणीचा, एक आईचा, असं सुरू झालं. पुढे एके दिवशी थोरली त्याला तसंच सोडून भावजयीच्या पोरींबरोबर खेळायला पळाली. बायकोने मला दुकानावर फोन करून हे सांगितलं.

उशीखाली, दप्तरात भाकरीचे तुकडे सापडतील. रागावू नका, हसूही नका. त्यांच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, शेंगदाणे-गुळाचा. तो कधी रिकामा होऊ देऊ नका आणि कधी खाल्लं तेही विचारू नका. भात खाणारी लेकरं ज्वारीच्या भाकरीला तोंड लावत नाहीत, तर भात द्या. भाकरी कुठे पळून जाते?

सुरुवातीला दोघं इतकी शहाणी वागतील की सगळे म्हणतील, "लई गुणी लेकरं!" मग एक दिवस आदळआपट, चावणं, अंथरूण ओलं करणं आणि "आम्हाला परत पाठवा" सुरू होईल. हा बिघाड समजू नका. आता आपल्याला कुणी हाकलत नाही ना, हे ते तपासून बघतात. यात घरातल्यांना एक सक्त ताकीद द्या. आपल्याकडे पोरांची गंमत करतात ना, "तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलंय", "त्रास दिलास तर देऊन टाकीन", ती गंमत या घरात बंद. नाव बदलायचा आत्याबाईंचा हट्टही चालवून घेऊ नका. आडनाव तुमचं लागतंच, नाव त्यांचं त्यांना राहू द्या.

कागदोपत्री थोडक्यात. लेकरू आधी दत्तकपूर्व संगोपनात येतं, म्हणजे दत्तकाचा आदेश व्हायच्या आधीच तुमच्याकडे राहू लागतं. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. लेकरू घरी आल्यापासून 2 वर्षं, दर 6 महिन्यांनी पाहणी होते. पाहणीला आलेल्या ताईंपुढे सगळं छान असल्याचं नाटक करू नका. जमत नसेल तर समुपदेशनाची सोय करणं त्यांच्या कामातच येतं. शाळेची घाई नको. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि दाखला नाही म्हणून शाळा अडवू शकत नाही. डोळे, दात, हिमोग्लोबिन तपासून घ्या. झारखंड-ओडिशाच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, तीही तपासणी करा. कागदावरचं वय बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेलं असतं, त्यामुळे लेकरू वयाच्या मानाने दोन वर्षं मागे वाटलं तर दचकू नका.

भाषेची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. तुमच्या लेकरांना थोडीफार हिंदी येत असेल, आणि परभणीत हिंदी कुणाला येत नाही? मराठी गल्लीतली पोरंच शिकवतात, शिव्यांसकट. त्यांची बोली मात्र काही महिन्यांत विसरायला लागते. त्यांच्या गाण्यांची, आकड्यांची फोनवर नोंद करून ठेवा. पुढे त्यांनाच हवी होते.

आणि ताई असाल तर तुम्हाला, दादा असाल तर तुमच्या मंडळींना सांगा : पहिल्या महिन्यांत लेकरांबद्दल काहीच वाटत नाही, उलट चीड येते, असं होऊ शकतं. माझ्या बायकोला झालं होतं. ती न्हाणीघरात पाणी सोडून रडायची. घरात कुणाला सांगायची लाज वाटली, तर डॉक्टरांना सांगा, पण एकटीने ओढत बसू नका.

आणायला जाल तेव्हा ज्या मावशींचा लेकरांना लळा असेल त्यांचा नंबर संस्थेला विचारून घ्या. फोन झाल्यावर दोघं रडतील आणि घरातले म्हणतील, "कशाला लावता फोन?" लावत राहा. तिकडचं माणूस एकदम तोडलं, तर उद्या तुम्हीही असेच तुटाल, असंच त्यांना वाटणार.