भिंतीची ओल आणि रंगाचे डबे

प्रश्न : आमचं घर राजापूरजवळ आहे, आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं. काही वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि खळ्यात पेव्हर ब्लॉक घातले. आता माजघराच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल येते, पोपडे निघतात, पांढरी पूड पडते. दोनदा वॉटरप्रूफ रंग मारून झाला, पाऊस आला की परत तेच. काय करू?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : ताई, तिसऱ्यांदा रंग आणायचा विचार असेल तर आधी तो सोडा. कमरेपर्यंतच ओल, वर भिंत सुकी आणि पांढरी पूड, म्हणजे पाणी छपरातून नाही, जमिनीतून वर चढतंय. चिरा सच्छिद्र असतो, वात तेल ओढते तसा तो पाणी ओढतो, साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत, आणि पाणी सुकलं की त्यातले क्षार भिंतीत राहतात, जुनी माणसं त्यालाच लोणा लागला म्हणतात.

मग आजोबांच्या वेळी हे का नव्हतं? ओल तेव्हाही चढत असणार हो, पण चुन्या-मातीच्या गिलाव्यातून ती सुकून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली आणि वरून रंगाने उरलीसुरली पण. शेजारी सांगतील खाली टाइल्स लावून टाका, त्या लावल्यात तर ओल टाइल्सच्या वरून डोकं काढेल.

पण खरा संशय मला त्या पेव्हर ब्लॉकवर आहे. खाली खडी, वर ब्लॉक, म्हणजे खळं चांगलं वीतभर तरी वर आलं असणार, म्हणजे जोतं तेवढं गाडलं गेलं. टेप घेऊन मोजा, घरातली लादी बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच असेल तर उत्तम, सहा इंच पण नसेल तर तिथूनच सुरुवात करा. भिंतीलगतचे ब्लॉक दोन फूट रुंदीत काढा, माती खाली घ्या, उतार घराच्या उलट दिशेला द्या. पागोळ्या थेट जोत्यावर पडत असतील तर पन्हळ लावून पाणी लांब सोडा, कोकणातल्या पावसात नुसत्या शिंतोड्यांनी पण भिंत भिजते.

हे सगळं दिवाळीनंतर करा. आतला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर खरवडून काढा आणि भिंत उघडी ठेवा. घाई नको, भिंत महिन्याला जेमतेम एक इंच सुकते असा ढोबळ हिशोब आहे, त्यामुळे नऊ इंची भिंतीला जवळजवळ वर्ष लागतं, मधल्या पावसाळ्यात घर जरा भकास दिसेल ते चालवून घ्या. मग चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याचाच रंग. चुन्यात काम केलेला गवंडी शोधायला लागेल, सिमेंटवाला "थोडं सिमेंट टाकतो मजबुतीला" म्हणेल, त्याला टाकू देऊ नका.

भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचं इंजेक्शन पण असतं, पण चिऱ्यात आधीच इतक्या पोकळ्या की पातळ केमिकल कुठल्या कुठे निघून जातं. करायचंच झालं तर क्रीमवालं घ्या, आणि बाहेरची जमीन खाली घेतल्यावरच.

प्रश्न : पुण्यात तळमजल्याचा फ्लॅट, बेडरूमच्या भिंतीला खाली ओला डाग, मे महिन्यात पण जात नाही. पलीकडे बाथरूम आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मे मध्ये पण ओला म्हणजे पावसाचा संबंध कमी, पाइप किंवा बाथरूमच्या लादीचे सांधे बघा. रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघा, सकाळी आकडा पुढे गेला असेल तर पाइप गळतोय. नसेल गेला तर ते बाथरूम आठ-दहा दिवस वापरू नका, डाग फिका पडला तर सांधे किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे लादीतलं पाणी जायचं तोंड, गळतंय. प्लंबरला हे आधी सांगा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी सगळी लादी फोडायला घेईल.