रात्री ओढ्यात इतके किडे का वाहतात? आणि मग वरचा ओढा रिकामा कसा होत नाही?

"ओढ्यातून वाहतो तो मेलेला कचरा आहे, मोजून काय करणार?" एम.एस्सी.ला असताना माझ्या सरांनी मला हेच ऐकवलं होतं, त्यामुळे तुमचा प्रश्न पाहून गप्प बसवेना.

आंबोलीच्या जंगलातला व्हाळ, म्हणजे ओढा, नोव्हेंबर महिना, पाणी पोटरीभर. सरांची पद्धत अशी की सकाळी अकराला वाहत्या पाण्यात जाळी लावायची आणि दोनला उपसून जेवायला परत. जाळीत पानं, काटक्या, दोन-चार अळ्या. निष्कर्ष: या व्हाळात काही वाहत नाही! एकदा मी हट्टाने रात्री थांबले, सोबत एक मैत्रीण आणि वॉचमनकाका. अंधार पडल्यावर तासाभराने जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली, बॅटरी मारली, तर ट्रे नुसता वळवळत होता. कणीएवढी मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं शेपट्या झटकत सुळकन कडेला पळत होती. मेलेला कचरा पळतो होय? सरांनी "जाळी सरकली असेल" म्हणून ते आकडे प्रबंधातून काढायला लावले.

जपानमध्ये तनाका या संशोधकांनी १९६० साली आणि अमेरिकेत वॉटर्स या संशोधकांनी १९६२ साली हे छापून ठेवलंय: दिवस मावळला की वाहणारे किडे एकदम वाढतात. कारण मासे. ट्राउटसारखे मासे वाहतं भक्ष्य डोळ्यांनी टिपतात, म्हणून दिवसा हे किडे दगडाखाली दडतात. अंधारात चरायला वर येतात, तेव्हा काहींची पकड सुटते, काही शिकारी अळी अंगावर आली की मुद्दाम सोडतात. अँडीजमधल्या ज्या ओढ्यांत असे मासेच नाहीत, तिथे दिवस-रात्रीचा हा फरक दिसला नाही.

वरचा ओढा रिकामा होत नाही, कारण एका वेळी वाहणारे किडे तळावरच्यांच्या एक टक्काही नसतात आणि बरेचसे थोड्या अंतरावर पुन्हा दगड धरतात. शिवाय पंख फुटलेल्या माद्या वरच्या अंगाला उडत जाऊन अंडी घालतात, असं कार्ल म्युलर या संशोधकांनी स्वीडनमधल्या कामावरून १९५४ मध्ये मांडलं. यावर वाद आहेत, पण ते इथे नको.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर सूर्यास्ताआधी जाळी लावा आणि कुणी आकडे खोडायला सांगितले तरी मूळ वही जपा. पाऊस पडून गेल्यावर मात्र जाऊ नका. लोंढ्यात सगळंच वाहतं, त्यातून काही कळत नाही. पौर्णिमाही टाळा, चांदण्यात किडे कमी सुटतात. आमची रात्र अमावस्येच्या आसपासची होती, हे सरांना सांगायचं मीही टाळलंच होतं म्हणा.