शिशाच्या समस्थानिकांचा अभ्यास: आधी एमएस्सी की ऑपरेटर कोर्स?

प्रिय विद्यार्थिनी,

सांगलीहून पाठवलेलं तुझं पत्र वाचलं. बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस, जड धातूंच्या समस्थानिकांचं (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) विश्लेषण शिकायचंय, आणि एमएस्सी करावी की तीन महिन्यांचा ‘आयसीपी-एमएस ऑपरेटर’ कोर्स (आयसीपी-एमएस म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारा एक मास स्पेक्ट्रोमीटर), यात अडकली आहेस. वडिलांना किरणोत्साराची धास्ती वाटते, हेही लिहिलंस.

एमएस्सी कर. का, ते सांगतो.

हळदीच्या पेठेत वाढलीस, म्हणून हळदीचंच उदाहरण घेतो. बांगलादेशात खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं, पण ते येतं कुठून याचा पत्ता लागत नव्हता. संशय बऱ्याच गोष्टींवर होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी रक्तातल्या आणि संशयित वस्तूंमधल्या शिशाच्या समस्थानिकांची गुणोत्तरं ताडून पाहिली, आणि माग हळदीपर्यंत गेला. रंग खुलावा म्हणून तिला लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, लावत होते. शिशाचे स्थिर समस्थानिक चार: 204, 206, 207 आणि 208. शेवटच्या तिघांत युरेनियम-थोरियमच्या क्षयातून भर पडत राहते, 204 मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे वेगवेगळ्या खाणींतल्या शिशाची गुणोत्तरं वेगळी निघतात. नुसतं ‘शिसं किती’ एवढंच मोजून हा छडा लागला नसता.

आता कोर्सबद्दल. मशीन चालवणं तिथे शिकशीलही, पण आकडा खरा की खोटा हे बरंचसं मशीनच्या आधीच ठरतं. नमुना टेफ्लॉनच्या कुपीत नायट्रिक आम्लात विरघळवायचा, मग आयन-विनिमय स्तंभातून शिसं वेगळं काढायचं. हवेतली धूळ, काचेची भांडी, खुद्द आम्ल, सगळीकडून परकं शिसं आत शिरतं. म्हणून आम्लही पुन्हा ऊर्ध्वपातित करून घेतात आणि प्रत्येक बॅचसोबत ब्लँक, म्हणजे नमुना न घालता केलेली तीच प्रक्रिया, लावतात. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे 455 कोटी वर्षं काढलं, त्यामागे अशीच काटेकोर स्वच्छता होती. पुढे मशीनवर, त्यात वापरल्या जाणाऱ्या आर्गॉन वायूमधला किंचित पारा 204 च्या जागी येऊन बसतो, कारण पाऱ्यालाही 204 आहे. तो 202 वरून हिशोब करून वजा करावा लागतो. बटणं दाबायला शिकून ही नजर येत नाही.

प्रकाशाच्या वर्णपटावरूनही समस्थानिक ओळखता येतात. युरेनियमच्या 424.4 नॅनोमीटरच्या रेषेत 235 आणि 238 यांच्यात जेमतेम 0.025 नॅनोमीटरचा फरक असतो. लेसर वापरून नमुना न विरघळवताही तो टिपता येतो, मात्र अचूकतेत मास स्पेक्ट्रोमीटर पुढे. या बाजूला ओढा असेल तर क्वांटम आणि भौतिकीय रसायनशास्त्राला जास्त वेळ दे.

आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा दे. पुढे मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे एमएस्सीला किमान 60 टक्के लागतात. पीएचडी करायची तर अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) आणि हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था) नक्की बघ.

वडिलांना सांग, शिशाचे हे चारही समस्थानिक किरणोत्सारी नाहीत. रोजचा खरा धोका आम्लांचा, आणि त्यासाठी फ्यूमहूड (वाफा ओढून घेणारं कपाट), हातमोजे, चष्मा यांत कधीही हयगय करायची नाही. युरेनियमवर काम केलंस तर अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा डोसीमीटर लावावा लागतो आणि त्याची नोंद ठेवली जाते.

कोर्सची फी या महिनाअखेर भरायची आहे म्हणतेस. भरू नकोस. त्याऐवजी परीक्षेनंतरच्या सुट्टीत आयसीपी-एमएस असलेल्या एखाद्या विद्यापीठाच्या किंवा अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत महिनाभर नमुने तयार करायला बसू देतील का, ते तुझ्या विभागप्रमुखांच्या पत्रासह विचार.