थेरपिस्ट नेटवर्कबाहेरचा असेल तर

अगं, अमेरिकेतली फी ऐकून थेरपी सोडू नकोस. थेरपिस्ट नेटवर्कबाहेरचा, म्हणजे तुझ्या विमा कंपनीशी करार नसलेला असला, तरी काही पैसे परत मिळू शकतात. आधी तुझा विम्याचा प्लॅन पीपीओ (नेटवर्कबाहेरच्या उपचारांचेही काही पैसे देणारा) आहे का बघ. एचएमओमध्ये (नेटवर्कमधल्यांकडेच जायचं, असा प्लॅन) नेटवर्कबाहेरचे पैसे सहसा मिळत नाहीत. मग विमा कंपनीला फोन करून विचार: नेटवर्कबाहेरचा डिडक्टिबल (कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात आपण भरायची रक्कम) किती, आणि ९०८३४ या कोडला (पाऊण तासाचं सेशन) 'अलाउड अमाउंट' (सेशनची जी किंमत कंपनी मान्य धरते ती) किती? खरी मेख इथेच आहे. समज, फी २०० डॉलर, कंपनी धरते १२०, त्याचे ६० टक्के देते. म्हणजे हातात येतात ७२. तेही डिडक्टिबल भरून झाल्यावर. हे न कळल्यामुळे माझं पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं. दर महिन्याला थेरपिस्टकडून सुपरबिल (विम्यासाठीचं तपशीलवार बिल) मागून घे, त्यावर निदानाचा कोड हवाच, आणि लगेच क्लेम टाक. तरीही जड जात असेल तर फी कमी होईल का, हे थेरपिस्टला मोकळेपणानं विचार. अनेक जण करतात गं.