पट्टे कुणी पाहिले?

प्रश्न : माझ्या नातीने मोबाइलवर प्रागैतिहासिक काळातल्या ‘महाकाय झेब्र्या’चं चित्र पाहिलं. अंगभर ठसठशीत पट्टे होते. ती म्हणाली, ‘आजोबा, सापडली नुसती हाडं, मग पट्टे कुणी पाहिले?’ मी निरुत्तर. — एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, नातीला माझ्याकडून एक शाबासकी. पट्टे कुणीच पाहिलेले नाहीत.

चित्रातला प्राणी बहुधा केप झेब्रा, म्हणजे इक्वस केपेन्सिस असावा. केपटाउनजवळ मिळालेल्या खालच्या जबड्यावरून जीवाश्मतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूम यांनी १९०९ मध्ये त्याला हे नाव दिलं, तेही मोठा घोडा समजून! झेब्र्यांच्या पंगतीत तो नंतर बसला. वजन साधारण ४०० किलो. केनियातला आजचा ग्रेवीचा झेब्राही तेवढा भरतो, तेव्हा ‘महाकाय’ हे जरा अतीच झालं.

मग झेब्रा कशावरून? माझ्या टेबलाच्या खणात घोड्याची खालची दाढ आहे. प्राणिशास्त्र शिकवत असताना ती वर्गात हातोहात फिरवायचे. बोटाएवढी लांब, आणि चावायच्या बाजूला इनॅमलच्या नागमोडी घड्या. जिभेकडच्या अंगाला दोन गोलसर कंगोरे आणि त्यांच्यामध्ये खाच. घोड्यात ही खाच पन्हळीसारखी पसरट असते, झेब्र्यात पाचरीसारखी टोकदार. पण गाढवातही ती टोकदारच! दरवर्षी वर्ग इथे हसायचा. म्हणजे खाचेवरून फार तर ‘हा घोडा नव्हे’ एवढं म्हणता येतं. पुढे कवटी, पायांची हाडं बघायची. आपल्या नर्मदेच्या गाळातल्या इक्वस नामाडिकस या घोड्याच्या नामशेष भाऊबंदाचंही तेच: दात मिळाले, कातडं नाही.

त्यात २००९ मध्ये आणखी घोळ झाला. केप झेब्र्याच्या म्हणून ठेवलेल्या काही अवशेषांतला डीएनए तपासला, तर तो आजच्या साध्या मैदानी झेब्र्याशी जुळला. वेगळी जात होती की त्याच जातीतले थोराड प्राणी, यावर अजून वाद आहे.

हे थोराड झेब्रे हिमयुगाच्या अखेरीस, ढोबळमानाने १०-१२ हजार वर्षांपूर्वी संपले. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता आणि केपच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, दक्षिणेला मोठं गवताळ मैदान उघडं पडलेलं होतं. बर्फ वितळलं, मैदान पाण्याखाली गेलं. लांब शिंगांचा एक अजस्र रेडाही त्याच सुमारास नाहीसा झाला. माणसाच्या शिकारीचा वाटा किती, यावर एकमत नाही.

आता पट्टे. क्वागा हा मैदानी झेब्र्याचाच भाऊबंद. शेवटचा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याचे पट्टे डोकं, मान आणि पुढच्या धडापुरतेच. मागे नुसता तपकिरी, पाय पांढरे. हे ठाऊक आहे, कारण त्याची कातडी जपलेली आहेत. केप झेब्र्याचं तसं काही नाही. तेव्हा नातीला कोरं चित्र काढून द्या आणि मागचा अर्धा भाग तिला हवा तसा रंगवू द्या. चूक कुणी काढू शकणार नाही.