हार्ड डिस्क टेबलावरून पडली, आता टक-टक आवाज येतो. कोणत्या सॉफ्टवेअरने डेटा परत मिळेल?

कोणत्याच नाही. आधी केबल काढा आणि ती डिस्क पुन्हा कशालाही जोडू नका. तुम्ही लिहिलंय की लग्नाचे आणि बाळाचे फोटो त्यातच आहेत, दुसरी प्रत नाही, आणि तुमचे मित्र सांगतायत, 'लावत राहा, एखाद्या वेळी उघडेल.' त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

टक-टक म्हणजे बहुतेक वेळा आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, फिरत्या तबकडीवरची खूण शोधतंय, ती सापडत नाही, म्हणून मागे जाऊन आपटतंय आणि पुन्हा येतंय. चांगल्या डिस्कमध्ये हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. तबकडी मिनिटाला साधारण 5400 फेरे घेत असते. वाकलेलं हेड त्या वेगात घासलं की चुंबकीय थरच खरवडून निघतो, आणि तुमचे फोटो त्याच थरात आहेत.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबांनी काढलेला. 22 जुलै 2021 च्या पुरात तो पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर गाळातून तीन एक्स्टर्नल डिस्क निघाल्या. गावातल्या कितीतरी घरांतले अल्बम लगदा झाले होते, त्यामुळे लोक स्वतःचं घर धुवायचं सोडून आमच्याकडे विचारायला यायचे: आमच्या लग्नाचे फोटो आहेत ना तुमच्याकडे? एक काकू नवऱ्याच्या एका फोटोसाठी आल्या, हार घालायला घरात एकही उरला नव्हता. त्या वेळी त्या तीन डिस्क म्हणजे अर्ध्या गावाची प्रत होती.

फोन लागायला लागल्यावर पुण्यातल्या एका रिकव्हरीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, वाळवू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पुराचं पाणी आत जातं. ते वाळलं की गाळ तबकडीवर घट्ट बसतो आणि हेडही चिकटू शकतं. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत हवाबंद करून, तशीच पाठवायची. दोन मी तशा पाठवल्या.

तिसरी भावोजी घेऊन गेले. ते मदतीला आले होते, कंप्युटरमधले म्हणून घरात त्यांचाच शब्द चालायचा. 'अगं, उन्हात दोन दिवस ठेवली की होते चालू, उगाच कशाला पैसे घालवतेस?' वाळवली, लॅपटॉपला लावली. चालू झाली! फोल्डरची नावंसुद्धा दिसली. त्यांनी मला फोन करून सांगितलं, 'बघ, झालं की नाही?' मग कर्रर्र आवाज आला आणि डिस्क गायब झाली. तरी ते काढून-लावून बघत राहिले. शेवटी ती पुण्याला उघडली तेव्हा तबकडीवर गोल कडी उठली होती. अडीच इंची डिस्कची तबकडी बहुतेकदा काचेची असते, थर निघाल्यावर आरपार दिसतं. माझ्या दोन डिस्कमधलं बहुतेक सगळं आलं. त्या डिस्कमधलं काहीच नाही.

भावोजी अजून दर गणपतीत म्हणतात, 'ती आधीच गेलेली होती.' गेलेली असती तर फोल्डरची नावं कुणी वाचली? नावं दिसली म्हणजे हेड वाचत होतं आणि निदान तिथली तबकडी शाबूत होती. घासली ती नंतर.

आणि बाहेरून डिस्कची दशा झाली की ती संपली, हेही खरं नाही. 2003 मध्ये कोलंबिया हे अंतराळयान टेक्ससवर फुटलं. त्यातली एक सीगेट कंपनीची डिस्क जळकी, आकाशातून पडलेली, महिनोन्महिने उघड्यावर राहिलेली सापडली. क्रोल ऑनट्रॅक या डेटा रिकव्हरी कंपनीने तिच्यातला सुमारे 99 टक्के डेटा काढला आणि त्यावरून झेनॉन वायूच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये छापले गेले. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममुळे डेटा एकाच भागात सलग लिहिलेला होता आणि नेमका तो भाग खरचटलेला नव्हता. बाहेरून डिस्कची काय दशा आहे याला महत्त्व नाही, तबकडी खरचटली की नाही याला आहे.

फ्रीजरचा सल्लाही कुणीतरी देईलच. आत दव धरतं, ठेवू नका. सर्किट बोर्ड बदलून देतो म्हणणाऱ्याला विचारा, जुन्या बोर्डावरची रॉम चिप नव्यावर घेणार का. त्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं असतात. तो गोंधळला तर डिस्क उचलून घरी या.

खर्चाचं विचारलंत. हेड बदलायचं काम क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीत होतं, पाच आकडी रक्कम धरून चाला. डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे, हे लेखी घ्या. पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी मागा आणि त्यातल्या काही उघडून बघा, नुसत्या नावांवर जाऊ नका.

हे सगळं टक-टक करणाऱ्या डिस्कसाठी. आवाज नसेल, नुसती हळू चालत असेल, तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी पूर्ण प्रत काढा आणि फाइली शोधून काढणारा फोटोरेक त्या प्रतीवर चालवा, मूळ डिस्कवर नाही. विंडोजचं चेकडिस्क तर अजिबात चालवू नका, दुरुस्ती करताना ते तिच्यावरच लिहायला लागतं. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कचं, गणित वेगळं आहे, तिथे ट्रिम (डिलीट झालेली जागा आपोआप मोकळी करणारी सोय) चालू असेल तर डिलीट केलेलं सहसा परत येत नाही. आणि मित्रांनी पुन्हा आग्रह केला तर त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर करून बघायला सांगा.