एक तास मिळालाय, मॅडमना काय विचारू?

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीला राहते, फोर्टला जॉब आहे, जाता-येता ट्रेनमध्ये मोबाईलवर कथा लिहिते. ५ झाल्यात, अजून कुठे छापून आल्या नाहीत. ओळखीतून एका ज्येष्ठ लेखिकांनी पुढच्या शनिवारी दादरला त्यांच्या घरी तासभर वेळ दिलाय. जाम टेन्शन आलंय. पाचही कथांच्या प्रिंट नेऊ का? आणि विचारू काय?

उत्तर: पाच नको गं, एकच दे आणि तीही आजच पाठव, शनिवारी हातात ठेवू नकोस. ३००० शब्दांची कथा मोठ्याने वाचायची तर सहज अर्धा तास जातो, तुझा निम्मा वेळ त्यातच संपायचा. पीडीएफ चालेल की प्रिंट हवी ते फोन करून विचार. प्रिंट देणार असशील तर समास मोठा ठेव, पानांना नंबर घाल, आणि एक कॉपी स्वतःकडे ठेव.

सगळ्यात चांगली जमलेली कथा देऊ नकोस, जी अडलीये ती दे. आणि "कशी वाटली?" असं विचारूच नकोस, त्यावर समोरचं माणूस "छान आहे, लिहीत राहा" म्हणणार, दुसरं काय म्हणणार? विचार, "वाचताना तुमचं लक्ष कुठे उडालं?"

मी पहिल्यांदा माझ्या सरांकडे गिरगावात गेले तेव्हा त्यांनी तिसऱ्या पानावर पेन्सिलने एक बारीकशी फुली मारून ठेवली होती. म्हणाले, इथून पुढे मी नुसती पानं उलटली. मी लगेच कथेतल्या सासूचा तो पॅरा का गरजेचा आहे ते समजावत बसले आणि वीस मिनिटं त्यातच गेली, अजून हळहळ वाटते. घरी येऊन बघितलं तर फुलीच्या वरच्याच ओळीत मी त्या बाईच्या मनातलं सगळं सांगून मोकळी झाले होते, पुढे वाचायला काही उरलंच नव्हतं. म्हणून तू समजावत बसू नकोस, लिहून घे. त्यांनी सुचवलेला उपाय नाही पटला तरी चालेल, पण त्यांनी बोट ठेवलं ती जागा सोडू नकोस, कारण जागा बहुतेक वेळा बरोबरच असते.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून, समोर बसवून कथेवर बोलायचे. ते मासिक १९८२ ला बंद पडलं. आज तुझ्या एका पानासाठी इतका वेळ कोण देतं गं? म्हणून हा तास कथेवरच घालव, "कुठल्या संपादकांना माझं नाव सांगाल का" हे या भेटीत अजिबात काढू नकोस.

निघाल्यावर लगेच गाडी पकडू नकोस. दादरला प्लॅटफॉर्मवर बाकावर दहा मिनिटं बस आणि त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत उतरवून काढ, गर्दीत शिरलीस की ठाणं येईपर्यंत निम्मं डोक्यातून जातं. मग महिन्याभराने फक्त ते दुरुस्त केलेलं पान त्यांना पाठव, अख्खी कथा नको.